पुण्याच्या थंडीसाठी टाइट्स: २०, ४० की ८० डेनियर?

डिसेंबरात सकाळी सव्वासातला कोथरूडहून पाषाणमार्गे बाणेरला स्कूटरने जायचं आणि अंगात गुडघ्यापर्यंतचा ड्रेस. पाच हिवाळे माझं हे असंच चाललंय. त्यात २०, ४० आणि ८० या तिन्ही टाइट्स वापरून झाल्यात, म्हणून लिहिते.

आकड्याबद्दल एकच सांगायचंय, कारण तिथे हमखास गैरसमज होतो. ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनियर. त्यामुळे ८० चा धागा २० च्या चौपट जड असला, तरी जाडीला साधारण दुप्पटच भरतो. ८० घेतली म्हणजे चौपट ऊब मिळाली, असं होत नाही.

२० चं दिसणं सुंदर असतं, त्याबद्दल वाद नाही. काळा ड्रेस, बंद बूट, संध्याकाळचं रिसेप्शन आणि जायला गाडी, असं असेल तर खुशाल २० घ्या. फक्त लक्ष्मी रोडला काउंटरवरचे काका आधी विचारतात, “ताई, स्किन देऊ?” तेव्हा जरा थांबा. माझा वर्ण गव्हाळ आहे. तो स्किन रंग चढवला की पाय पावडर फासल्यासारखे भुरकट दिसतात. आपल्याकडच्या बहुतेक वर्णांवर काळीच शोभते, असं माझं मत. आणि स्कूटरवर २० नकोच. जर्किनच्या वेल्क्रोला नुसती घासली तरी टाका सुटतो. हे शेवटी विणकाम आहे, एक टाका सुटला की त्याच्या वरचा सुटतो आणि घोट्यापासून मांडीपर्यंत सरळ रेघ जाते. उसवणीच्या टोकाला पारदर्शक नेलपॉलिशचा ठिपका दिला की ती तिथे थांबते. दिवस निभावतो, पण जोडी गेलीच म्हणायची.

८० बद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण माझा निर्णय तिथेच झाला. पाषाणला गार वारा नडगीवर आदळतो तेव्हा ८० सुखाची वाटते, हे खरं. पण पुण्याचा डिसेंबर दिवसभर थंड नसतो. पहाटे पारा १०-१२ वर असतो आणि दुपारी जेवणाच्या सुट्टीत २८-२९ वर. आमच्या मजल्यावर थंडीत एसी बंद असतो आणि माझं टेबल पश्चिमेच्या खिडकीशी. अडीच वाजले की आधी गुडघ्यामागची खळगी ओलसर होते, मग तिथे खाज सुटते. समोर मीटिंग चालू असते आणि टेबलाखाली मी एका पायाच्या टाचेने दुसरी पोटरी घासत असते. कमरपट्ट्याखाली घामाने लाल रेघ उठते, ती रात्री झोपतानाही हाताला लागते. स्वेटर असता तर काढून खुर्चीला अडकवला असता. टाइट्सचं तसं करता येत नाही. चाळीस मिनिटांच्या गार वाऱ्यासाठी पुढचे सात-आठ तास हे सोसायचं, हे मी दोन हिवाळे केलं. तिसऱ्या वर्षी ४० वर आले.

४० ला सकाळी थंडी वाजते, ते कबूल. त्यावर उपाय म्हणून मी वरून जुनी ढगळ ट्रॅकपँट चढवते आणि पार्किंगमध्ये उतरले की घडी करून डिकीत टाकते. मग दिवसभर पायांत काही आहे हे जाणवतही नाही. ४० ची खरी खोड वेगळी आहे. बसल्यावर गुडघ्यावर कापड ताणलं जातं आणि तेवढाच भाग राखाडी दिसतो. पाकिटावरच्या तक्त्यात तुमची उंची आणि वजन दोन साइझच्या मध्ये येत असेल, तर मोठी साइझ घ्या. कापड कमी ताणलं जातं, रंग भरीव राहतो. माझ्या बाबतीत तरी याने बराच फरक पडला. सुती ड्रेस, डेनिमचा स्कर्ट, गुडघ्यापर्यंतचा कुर्ता, सगळ्याखाली ती चालते.

तुमच्या ऑफिसात बारा महिने एसी गारठवत असेल, तर कदाचित तुम्हाला ८० च आवडेल. माझ्या मैत्रिणीचं तसंच आहे, तिला ४० पुरत नाही. जाड खादीचा किंवा लोकरी ड्रेस आणि घोट्यापर्यंतचे बूट यांच्याबरोबरही ८० जास्त उठून दिसते. तिथे ४० जरा केविलवाणी वाटते.

कोल्हापुरी घालणार असाल, तर जाडीच्या आधी पंजा बघा. बंद पंजाची टाइट्स कोल्हापुरीच्या अंगठ्यात नीट बसतच नाही, कापड गोळा होतं आणि चालताना बोटाला काचतं. घोट्यापर्यंतची, पंजा नसलेली घ्यावी.

पावसाळ्यात मी टाइट्स घालत नाही. चिखलाचे शिंतोडे पोटरीवर तसेच वाळतात, आणि ८० चा कमरपट्टा रात्रभर पंख्याखाली ठेवूनही सकाळी दमटच लागतो. मार्च ते मे हा तर विषयच नाही.

या नोव्हेंबरात काळ्या ४० च्या तीन जोड्या घेतल्या. ८० ची एक जुनी जोडी अजून जपून ठेवलीय, सवाई गंधर्व संगीत महोत्सवासाठी. मंडपात भारतीय बैठकीवर चार-पाच तास मांडी घालून बसायचं, रात्र चढत जाते तसा जमिनीतून गारवा वर येतो. तिथे ती लागते, आणि मांडी घातली तरी गुडघ्यावर काळीच राहते.