मुरानोहून एकच वस्तू आणायची तर: मुर्रिना की फिलिग्राना?

व्हेनिसला गेलेला माणूस बोटीने मुरानो बेटावर जातोच, आणि तिथल्या काचेच्या दुकानात शिरला की गोंधळतो. पैसे आणि बॅगेतली जागा, दोन्ही एकाच वस्तूपुरते. माझ्या मते खरी निवड दोन तऱ्हांमध्ये आहे: फुलाफुलांची मुर्रिना, म्हणजेच मिलेफिओरी, किंवा काचेच्या आत पांढरे धागे खेळवलेली फिलिग्राना.

मुर्रिनाचं काम अळूवडीच्या उंड्यासारखं. उंडा कुठेही कापा, चकतीत तीच चक्री. इथे तापलेल्या काचेवर रंगांचे थर चढवतात, चांदणीच्या साच्यात दाबतात, पुन्हा थर देतात. मग दोघे कारागीर दोन टोकं धरून एकमेकांपासून लांब चालत जातात आणि त्या गोळ्याची लांबच लांब कांडी होते. नक्षी बारीक होते, पण मोडत नाही. कांडीचे काप शेजारी शेजारी मांडून भट्टीत एकजीव करायचे, मग साच्यावर वाकवायचे किंवा फुंकणीवर घेऊन फुगवायचे. तंत्र रोमन काळातलं. मुरानोत एकोणिसाव्या शतकात त्याला नवा जन्म मिळाला, त्यात मुरानोचा काच-कारागीर विन्चेंझो मोरेत्तीचा वाटा मोठा.

रंगांचं वेड असलेल्या घरात मुर्रिनाची वाटी खिडकीशी ठेवली की खोली बदलते. पण एका कांडीतून ढीगभर काप निघतात, म्हणून छोटी पदकं स्वस्त असतात आणि त्यांची नक्कलही सर्रास होते. मुर्रिनाच घ्यायची तर पदक नको, भांडं घ्या. फुगवताना फुलं ताणली जातात. ती सांभाळण्यात कारागिराचा हात दिसतो.

फिलिग्रानामध्ये मात्र हात लपवायला जागाच नाही. अंजेलो बारोविएर या काच-कारागिराने पंधराव्या शतकात मुरानोत स्फटिकासारखी नितळ काच साधली. त्या नितळपणामुळे पुढच्या शतकात आतला धागा हीच शोभा झाली. 1527 मध्ये सेरेना बंधूंनी या पीळदार धाग्यांच्या कामाचा खास परवाना मिळवला. धागा म्हणजे लात्तिमो, दुधासारखी पांढरी काच. तिच्यावर नितळ काचेचा थर देऊन कांडी ओढतात, हवं तर ओढतानाच पीळ घालतात. अशा कांड्या ओळीने मांडून, तापवून, गुंडाळून त्यांचं नळकांडं करायचं, तळ मिटवायचा आणि फुंकायचं. फुंकणी सतत फिरती ठेवावी लागते. हात जरा अडखळला की रेषा तिरपी जाते, आणि ती पुसता येत नाही.

सगळ्यात अवघड प्रकार रेतिचेल्लो. उलटसुलट पिळाच्या रेषांचे दोन फुगे एकात एक बसवतात. रेषा एकमेकींना छेदून जाळी होते आणि जाळीच्या प्रत्येक घरात हवेचा एक बारीक बुडबुडा अडकतो. तो प्रत्येक घरात आहे का, हे पेला उजेडाकडे धरून पाहा. मला विचाराल तर मोठ्या रंगीत फुलदाणीपेक्षा रेतिचेल्लोचा लहानसा पेला घ्यावा. महाग पडतो, पण त्या पैशात रंग नव्हे, एका माणसाची कित्येक वर्षांची साधना घरी येते.

घरात लहान मुलं असतील किंवा भेट द्यायची असेल, तर दिव्याच्या ज्योतीवर घडवलेले मणी बघा. काचमण्यांच्या या कलेला 2020 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळालं आहे. माळ बॅगेत सुखरूप येते, आणि रोज वापरातही राहते.

काहीही घेतलं तरी 'व्हेत्रो आर्तिस्तिको मुरानो', म्हणजे 'मुरानोची कलात्मक काच', हे काच मुरानोतच घडल्याची खूण देणारं चिन्ह शोधा. व्हेनेतो प्रांताने 1994 च्या कायद्याने ते आणलं. ते लावणं ऐच्छिक असल्याने काही चांगल्या कार्यशाळांच्या मालावर ते नसतं. तिथे वस्तू कोणत्या भट्टीत, कोणाच्या हातून झाली हे सरळ विचारा आणि लिहून मागा. शक्य असेल तर आधी काचेच्या संग्रहालयात तासभर घालवा. 1861 पासूनचं हे संग्रहालय त्याच बेटावर, पालाझ्झो जुस्तिनियानमध्ये आहे. तिथली जुनी फिलिग्राना डोळाभर पाहिली की दुकानातली कच्ची रेष लगेच ओळखू येते.