स्पोर्ट्स कारचं इंजिन खोलायचंय: उद्यमबाग, बाहेरचा स्पेशालिस्ट, कंपनी की जुनं इंजिन?

गाडी ऑइल खायला लागलीय, सकाळी स्टार्ट केली की मागून निळा धूर येतोय आणि गॅरेजवाला म्हणतोय 'इंजिन खोलायलाच लागतंय', अशा अवस्थेत जो कोणी बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात बसलाय त्याच्यासाठी हे लिहितोय. आपली गोष्ट पुण्यामुंबईपेक्षा वेगळी आहे कारण आपल्या दारात उद्यमबाग ही इंडस्ट्रियल वसाहत आहे, फाउंड्री, लेथ, क्रँक ग्राइंडिंग, बोरिंग (सिलिंडरचं भोक, म्हणजे बोअर, मोठं कापणं), होनिंग (त्याची भिंत दगडाने घासून नीट करणं), काय पाहिजे ते तासाभरात फिरून मिळतं, त्यामुळे पहिला विचार हाच येतो की गाडी लांब कशाला पाठवायची, इथंच करून टाकूया. काही गाड्यांसाठी तो विचार एकदम बरोबर आहे आणि काही गाड्यांसाठी तोच विचार इंजिन कायमचं घालवतो.

खोलायच्या आधी कंप्रेशन आणि लीक-डाउन टेस्ट (सिलिंडर दाब किती धरतो आणि हवा किती गळते ते बघणारी) करून घ्या, प्लीज. ऑडी टीटीचं २.० टीएफएसआय इंजिन पीसीव्ही व्हॉल्व्हचा (इंजिनाच्या आतले वायू परत इनटेकमध्ये सोडणारा) डायफ्राम फाटला तरी ऑइल ओढतं, टर्बोचं सील गेलं तरी धूर मारतं, आणि ही दोन्ही कामं इंजिन न उतरवता होतात. कंपनी स्वतः १००० किमीला अर्धा लिटरपर्यंत ऑइल खाणं चालतं असं म्हणते, म्हणजे आधी मोजा, वहीत लिहा. पण त्याच्या पुढे गेलं आणि पीसीव्ही-टर्बो दोन्ही ठीक निघाले तर मात्र बहुतेक वेळा ऑइल रिंगाच, म्हणजे पिस्टनवरच्या, भिंतीवरचं ऑइल खरवडणाऱ्या रिंगा. या इंजिनाच्या २००८ नंतरच्या बऱ्याच बॅचमध्ये ऑइल रिंग फार बारीक आहे, ऑइल परत जायची भोकं कार्बनने बुजतात आणि मग काहीही ओता, ते जळणारच.

आता मुख्य प्रश्न, ब्लॉक (सिलिंडर असलेला इंजिनाचा मुख्य सांगाडा) कशाचा आहे. माझ्या मते सगळा निर्णय इथंच होतो, पैशाचा हिशेब नंतर. टीटीच्या या २.० चा ब्लॉक बिडाचा आहे, चुंबक चिकटतो. निसान ३७०झेडचा ब्लॉक ॲल्युमिनियमचा पण आत लोखंडी लायनर (सिलिंडरची आतली नळी). हे दोन्ही आपल्या मशीनवाल्यांच्या हातातले आहेत. पोर्शे केमन-बॉक्स्टरची २००८ पर्यंतची इंजिनं मात्र वेगळी, त्यात सिलिंडरची भिंतच सिलिकॉन मिसळलेल्या ॲल्युमिनियमची, लोकासिल म्हणतात त्याला, लायनर नाहीच. बीएमडब्ल्यूचं एन५२, जे झेड४ मध्ये यायचं, त्याचंही तसंच, बाहेरून मॅग्नेशियम आणि आत ॲल्युसिल. अशा बोअरला साधा होनिंग दगड लावला की सिलिकॉनचे कण फुटून उखडतात आणि पिस्टन भिंत ओरबाडतो. तिथं एक तर निकासिल प्लेटिंग (भिंतीवर निकेलचा कठीण थर) लागतं नाही तर त्याच इंजिनासाठी बनवलेली स्लीव्ह (आत बसवायची नळी), आणि ज्याने हे काम आधी केलंय असा माणूस.

तर पर्याय एक, उद्यमबाग. बिडाच्या ब्लॉकसाठी मला इथल्या मशीनिंगवर पूर्ण विश्वास आहे आणि हे मी गाववाला म्हणून बोलत नाही, काम बघितलंय म्हणून बोलतोय. माझ्या आतेभावाच्या टीटीचा ब्लॉक घेऊन आम्ही गेलो तेव्हा मशीनवाल्या मामांनी ब्लॉक लगेच मशीनवर चढवलाच नाही. आधी पुसून घेतला, डायल गेज बोअरमध्ये सोडलं, वर, मधे, खाली अशी मापं घेतली, मग गेज फिरवून आडवी मापं घेतली, सगळं एका चिठ्ठीवर लिहिलं आणि विचारलं, "पिस्टन कुठायत?" म्हटलं ऑर्डर दिलेत, यायचेत. "मग पिस्टन आल्यावर या. पिस्टन हातात मोजल्याशिवाय मी बोअर मारत नाही." आतेभाऊ वैतागला पण मला तिथंच कळलं की हा माणूस बरोबर आहे, कारण पिस्टनच्या मापावर बोअर ठरतो, कॅटलॉगवर नाही.

वैताग सुरू होतो तो मशीनच्या बाहेर. पिस्टन, रिंगा, बेअरिंगा, टायमिंग चेन, टेन्शनर सगळं बाहेरून येणार, एक गॅस्केट चुकीचं आलं की पुन्हा थांबा. तोवर इंजिन गॅरेजच्या कोपऱ्यात उघडं. आपल्याकडचा पाऊस माहिती आहे, जुलैमध्ये बिडाच्या बोअरवर एका ओल्या रात्रीत गंज धरतो, म्हणून होनिंग झाल्यावर बोअरला ऑइल लावून प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलाय का हे स्वतः जाऊन बघा, फोनवर विचारू नका. फोनवर उत्तर एकच मिळतं, "उद्या या, झालंच बघा."

आणि सगळ्यात वाईट म्हणजे जबाबदारी. आतेभावाचं हेड एकीकडे, क्रँक दुसरीकडे, ब्लॉक तिसरीकडे आणि बांधणी गॅरेजमध्ये. इंजिन सुरू झालं आणि खालून टकटक. गॅरेजवाला म्हणाला क्रँकवाल्याने साइझ चुकवला. क्रँकवाला म्हणाला साइझ बरोबर आहे, बेअरिंग कुठल्या ग्रेडच्या घातल्या ते विचारा. क्रँकवाल्याकडे मापाची चिठ्ठी होती, गॅरेजकडे काहीच नव्हतं. क्लिअरन्स (बेअरिंग आणि क्रँकमधली फट) न तपासता बेअरिंगा बसवल्या होत्या, वर कनेक्टिंग रॉडचे जुनेच बोल्ट परत आवळले होते. हे बोल्ट आवळताना ताणले जातात, एकदाच वापरायचे असतात, हेडचेही तसेच. ट्रॅक्टरच्या इंजिनात चालून जातं म्हणून इथं चालत नाही. परत खोललं, परत पैसे, आणि दोन चांगल्या माणसांमधे भांडण.

म्हणून इथं करायचं असेल तर बांधणारा आधी ठरवा आणि मशीनवाला त्याला निवडू द्या, म्हणजे दोष कुणाचा हा प्रश्नच उरत नाही. त्याला सरळ विचारा, हे इंजिन आधी बांधलंय का, आणि प्लास्टिगेज वापरता का. मेणाच्या दोऱ्यासारखा तुकडा असतो, बेअरिंग आणि क्रँकच्या मधे ठेवायचा, कॅप टॉर्कने आवळायची, परत खोलायची, चपटा झालेला दोरा पट्टीवर मोजायचा, जितका रुंद तितकी फट कमी. पाच मिनिटांचं काम आहे. 'हाताला कळतं' असं उत्तर आलं तर त्या हाताबद्दल मला आदर आहे, पण ७००० आरपीएमला फिरणारं इंजिन मी त्याला देणार नाही. रिंगांची फट पण प्रत्येक सिलिंडरची वेगळी मोजून लिहून मागा.

पर्याय दोन, बाहेरचा स्पेशालिस्ट. पुणे, मुंबई, बेंगळुरू, किंवा कोइंबतूर, तिथं रेसिंगमुळे इंजिन बांधणारी मंडळी पहिल्यापासून आहेत. लोकासिल-ॲल्युसिल ब्लॉकसाठी माझं उत्तर हेच, आणि ब्लॉक इथं न उघडता अख्खी गाडी किंवा अख्खं इंजिन पाठवा, कारण अर्धवट खोललेलं, बोल्ट पिशवीत भरून आलेलं इंजिन घेऊन कुणी गॅरंटी देत नाही. खर्च जास्त, पण मशीनिंगपासून बांधणीपर्यंत एकाच छपराखाली असेल तरच जा, नाही तर तो पण काम बाहेर वाटणार आणि तुम्ही ५०० किमीवरून भांडत बसणार. वैताग इथं वेगळा असतो, गाडी नजरेआड जाते, व्हॉट्सॲपवर दोन फोटो येतात आणि मग शांतता. आगाऊ रक्कम टप्प्याटप्प्याने द्या, खोलल्यावर मापं आणि फोटो आल्याशिवाय दुसरा हप्ता नको. कोल्हापूर ११० किमीवर आहे, बिडाच्या ब्लॉकसाठी तिथंही चांगले मशीनवाले आहेत, पण आपल्याकडे नाही असं तिथं मशीनिंगमध्ये फार काही नाही, तिथला बांधणारा माहितीतला असेल तरच हद्दीवरचा कोगनोळी नाका ओलांडा.

पर्याय तीन, कंपनीचं सर्व्हिस सेंटर. ते सहसा रिबिल्ड करत नाहीत, शॉर्ट ब्लॉक (पिस्टन-क्रँकसकट, पण हेडशिवायचं इंजिन) किंवा पूर्ण इंजिन बदलायचं कोटेशन देतात. वॉरंटी मिळते, कटकट सगळ्यात कमी, पण जुन्या टीटीला ते कोटेशन गाडीच्या बाजारभावाच्या जवळ जाऊ शकतं. गाडी दहा वर्षं ठेवायची असेल, पैसे असतील, तर घ्या आणि शांत झोपा. विकायची असेल तर अजिबात नको.

पर्याय चार, जुनं इंजिन. मुंबईत कुर्ला, दिल्लीत मायापुरी, इंजिनं मिळतात. बिल ऐकून सगळ्यात गोड वाटतो हा मार्ग आणि मी सगळ्यात कमी सुचवीन, कारण रिंगांचा तोच प्रॉब्लेम त्या इंजिनातही असणार, बॅच तीच. शिवाय इंजिन नंबर बदलतो, म्हणजे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली आरटीओकडून आरसीवर नोंद करून घ्यायला लागते आणि त्यासाठी इंजिन कुठून आलं त्याचं पक्कं बिल पाहिजे. केए-२२ (बेळगाव) पासिंगच्या गाडीत बिनकागदाचं इंजिन घालून उद्या कोल्हापूर-गोवा फिरताना अडवलं किंवा क्लेम करायची वेळ आली की इन्शुरन्सवाला पहिला तो नंबर बघतो. घ्यायचंच तर लीक-डाउन समोर करून, बिल आणि कागद हातात घेऊन, आणि ऑइल रिंगा बदलूनच बसवा.

तर टीटी किंवा ३७०झेड असेल आणि बांधणारा माहितीतला मिळाला तर उद्यमबाग, डोळे मिटून नाही, चिठ्ठ्या मागून. तसा बांधणारा मिळत नसेल तर बिडाचा ब्लॉक असला तरी बाहेर पाठवा. केमन, बॉक्स्टर, एन५२ असेल तर थेट बाहेर. इंजिन परत आलं की पहिले काही किलोमीटर काकती-वंटमुरी घाटाच्या चढावर गिअर बदलत, कमी-जास्त लोड देत चालवा, हायवेवर एकाच स्पीडला रेटू नका, नवीन रिंगा त्यानेच बसतात, आणि पहिलं ऑइल लवकर काढून फिल्टर कापून आत चकाकणारा कीस आहे का ते बांधणाऱ्यासमोरच बघा.