ख्यालगायकी घ्यायची तर एलपी की सीडी?

जुन्या स्टुडिओ ध्वनिमुद्रणांसाठी मी एलपीच, म्हणजे सुईनं वाजणारी मोठी तबकडीच घेईन. तबकडीच्या एका बाजूवर साधारण 20 ते 25 मिनिटं मावतात आणि किशोरीताई (आमोणकर), भीमसेनजी (जोशी) या गायकांच्या पिढीनं त्या मापात राग मांडला. विलंबित (संथ लयीचा भाग) आटोपशीर, द्रुत (जलद लयीचा भाग) लगेच, पण कुठेही घाई नाही! ही मांडणीच मला फार प्रिय आहे.

मात्र एलपीची एक अडचण ख्यालालाच जास्त भोवते. सुई आतल्या वर्तुळांकडे सरकते तशी खाचेची गती कमी होते आणि आवाज फाटण्याची शक्यता वाढते. नेमक्या तिथेच द्रुत ताना येतात. आलापीत, नुसता तानपुरा वाजत असताना, प्रत्येक ओरखडाही ऐकू येतो. म्हणून जुनी तबकडी घेताना ती उजेडात तिरकी धरून बघाच.

सीडीवर 74 ते 80 मिनिटं मिळतात. मैफलीतला तासाभराचा राग मध्ये न तुटता ऐकायचा असेल, तर सीडीच घ्या. शिवाय ती स्वस्त पडते.

नव्यानं काढलेल्या महागड्या एलपी मात्र जपून घ्या. त्यातल्या काही डिजिटल प्रतीवरूनच बनवलेल्या असतात, मग सीडीऐवजी त्या घेण्यात फारसा अर्थ उरत नाही.