हायस्पीड बोर्डसाठी सिम्युलेशन टूल आणि मॉडेल: आठ महिने वापरल्यानंतर

आठ महिन्यांपूर्वी आमच्या टीमनं सिग्नल इंटिग्रिटीसाठी, म्हणजे बोर्डावरून जाताना सिग्नल नीट राहतो का ते आधीच बघायला, टूल घ्यायचं ठरवलं, तेव्हा तुलनेचा तक्ता मीच केला होता. टूल किती वेगानं चालतं, लेआउट थेट आत घेतं का, डीडीआर४ मेमरीची तपासणी आपोआप करतं का, लायसन्स एका वेळी किती जणांना वापरता येतं. मधल्या काळात दोन बोर्ड पूर्ण झाले. परवा तोच तक्ता पुन्हा काढला, तर सगळ्यात महत्त्वाचा रकाना त्यात नव्हताच: आपल्याकडे मॉडेल (चिप किंवा कनेक्टर विजेच्या दृष्टीनं कसा वागतो ते सांगणाऱ्या फायली) कोणती आहेत आणि त्यांच्यावर किती भरवसा ठेवायचा.

आधी काय वापरलं ते सांगते. रोजच्या कामाला लेआउटमधून नेट (एक जोडणी) उचलून आय डायग्राम (अनेक बिट एकावर एक काढलेलं चित्र; मधली 'आय' जितकी उघडी तितका सिग्नल चांगला) दाखवणारं सशुल्क टूल, हायपरलिंक्स किंवा सिग्रिटीच्या वर्गातलं. व्हाया (थरांना जोडणारं भोक) आणि कनेक्टरच्या जागेसाठी थ्रीडी फील्ड सॉल्व्हर. आणि एस-पॅरामीटरच्या (प्रत्येक फ्रिक्वेन्सीला किती सिग्नल पार जातो, किती परततो) फायली तपासायला पायथनमधली सायकिट-आरएफ ही मोफत लायब्ररी.

पहिल्या बोर्डावर डीडीआर४ होती, २४०० मेगाट्रान्सफरवर, म्हणजे एका बिटला साधारण ४१७ पिकोसेकंद. सिम्युलेशनमध्ये आय छान उघडी होती. बोर्ड आल्यावर स्कोप लावला, तर उंची कमी आणि चढत्या कडेवर मध्येच एक पायरी. तीन दिवस आम्ही लेआउटवर संशय घेत बसलो. लेआउटचा काहीच दोष नव्हता.

आयबिस फाइलमध्ये (चिपच्या पिनांचं मॉडेल) एका पिनसाठी अनेक मॉडेल असतात आणि त्यातलं कोणतं घ्यायचं ते मॉडेल सिलेक्टरमध्ये ठरतं. मी तिथे हात लावला नव्हता, त्यामुळे टूलनं यादीतलं पहिलं मॉडेल घेतलं: ३४ ओहमचा ड्रायव्हर. फर्मवेअर मात्र ४८ ओहमची सेटिंग लिहीत होतं. समोर ६० ओहमचं टर्मिनेशन (परावर्तन रोखणारा रोध) आणि १.२ व्होल्टचा पुरवठा धरला, तर नुसत्या भागाकारानं स्विंग ०.७७ व्होल्टवरून ०.६७ व्होल्टवर येतो. उंची कमी का, याचं उत्तर एवढंच होतं. पायरीचं कारण वेगळं. सिम्युलेशन मी चिपच्या आतल्या पॅडवर बघत होते आणि प्रोब होता मेमरीखालच्या व्हायावर. सिम्युलेशनमधला बघण्याचा बिंदू त्याच व्हायावर आणल्यावर पायरी तिथेही दिसली. तेव्हापासून माझा नियम आहे: आधी फर्मवेअरवाल्यांकडून ड्राइव्ह आणि टर्मिनेशनची रजिस्टर सेटिंग लेखी घ्यायची, मगच सिम्युलेशन सुरू करायचं.

आयबिस हे १९९३ पासूनचं प्रमाण आहे आणि आजही रोजचं बरंचसं काम त्याच्यावरच चालतं. आतलं सर्किट उघड न करता करंट-व्होल्टेज आणि व्होल्टेज-वेळ यांचे तक्ते, सी-कॉम्प नावाचं चिपचं कपॅसिटन्स आणि पॅकेजची माहिती एवढंच त्यात असतं. फाइल आली की मी आधी आयबिसचेक चालवते. ते मोफत आहे, पण फाइलची मांडणी बरोबर आहे एवढंच सांगतं. आतले आकडे खरे आहेत की नाहीत ते आपणच बघायचं. त्यासाठी करंट-व्होल्टेज वक्राच्या उतारावरून इम्पिडन्स काढायचा आणि डेटाशीटशी ताडून बघायचा. दहा मिनिटांचं काम आहे, आणि एका क्लॉक बफरच्या मॉडेलमध्ये त्यातूनच चूक सापडली. फाइल बनवणाऱ्यांना कळवलं, दोन महिने झाले, दुरुस्त फाइल अजून आलेली नाही. तोवर आम्ही त्या नेटवर किमान आणि कमाल असे दोन्ही कॉर्नर (मॉडेलमधली टोकाची स्थिती) धरून जास्तीचं मार्जिन ठेवलं.

सिरियल लिंकसाठी साधं आयबिस पुरत नाही. पीसीआय एक्सप्रेस जेन ३ च्या ८ गिगाट्रान्सफरला रिसीव्हरमधलं इक्वलायझेशन (वाटेत बिघडलेला सिग्नल सावरणं) धरल्याशिवाय आय बघण्यात अर्थ नाही, म्हणून २००८ साली आयबिस ५.० मध्ये आलेलं एएमआय, म्हणजे हे इक्वलायझेशन धरणारं मॉडेल, लागतं. हे मॉडेल कंपाइल केलेल्या रूपात येतं. आम्हाला मिळालं ते फक्त विंडोजसाठी आणि आमचा सर्व्हर लिनक्सवर. पार्ट निवडायच्या आधी विचारायला हवं होतं.

कनेक्टरच्या एस-पॅरामीटर फाइलनं तर वेगळाच धडा दिला. चार पोर्टच्या फाइलमध्ये पोर्टचा क्रम दोन प्रकारे येतो: एका वायरची दोन टोकं १ आणि २, किंवा १ आणि ३. क्रम चुकला तरी टूल गप्प बसतं आणि निकाल देतं. आता मी फाइल सायकिट-आरएफमध्ये उघडून अगदी कमी फ्रिक्वेन्सीला कोणता एस-पॅरामीटर शून्य डेसिबलच्या जवळ आहे ते बघते. जो असेल तीच वायर. त्याच बैठकीत पॅसिव्हिटी (आत गेल्यापेक्षा जास्त ऊर्जा बाहेर येत नाही ना) आणि डीसीचा म्हणजे शून्य फ्रिक्वेन्सीचा बिंदू आहे की नाही तेही पाहून घेते. फ्रिक्वेन्सीच्या दोन बिंदूंमधलं अंतरही बघायचं: ५० मेगाहर्ट्झचं असेल तर टाइम डोमेनमध्ये फक्त २० नॅनोसेकंदांची खिडकी मिळते, आणि लांब चॅनलची परावर्तनं त्यात गुंडाळून भलत्याच जागी दिसतात.

थ्रीडी सॉल्व्हर मात्र मनापासून आवडला. २.४ मिलिमीटर जाडीच्या बोर्डात सिग्नल वरच्या थरातून तिसऱ्या थरात जात होता आणि खाली जवळपास २ मिलिमीटरचा स्टब (व्हायाचा बिनकामाचा उरलेला तुकडा) लोंबकळत राहत होता. बॅकड्रिल (तो तुकडा मागून ड्रिलनं काढणं) करायचं की नाही यावर टीममध्ये बरीच चर्चा झाली. डायइलेक्ट्रिक स्थिरांक ४ धरला तर पाव-तरंगलांबीच्या सूत्रानं अनुनाद १९ गिगाहर्ट्झच्या आसपास येतो. पॅडच्या कपॅसिटन्समुळे प्रत्यक्षात तो आणखी खाली सरकतो, आणि किती ते सॉल्व्हरनं नीट दाखवलं. आमच्या ८ गिगाट्रान्सफरची मूळ फ्रिक्वेन्सी ४ गिगाहर्ट्झ, तेव्हा बॅकड्रिल टाळलं. बोर्डावर मोजलं तेव्हा लिंक व्यवस्थित होती. पण अख्खा बोर्ड थ्रीडीत टाकू नका. फक्त व्हाया, कनेक्टर आणि त्यांच्या आजूबाजूचा ग्राउंड घ्या. सरळ ट्रेसला टूडी सॉल्व्हर भरपूर झाला, त्याची उत्तरं काही सेकंदांत येतात.

मटेरियलबद्दल थोडंच. डेटाशीटमधला डायइलेक्ट्रिक स्थिरांकाचा १ गिगाहर्ट्झचा आकडा सगळीकडे वापरू नका आणि स्टॅकअप (थरांची रचना) बोर्ड बनवणाऱ्याकडूनच घ्या, कारण दाबल्यानंतरची प्रीप्रेगची (थर चिकटवणाऱ्या पत्र्याची) जाडी त्यालाच माहीत असते. तांब्याचा खडबडीतपणा सोडला तर लॉस नेहमी कमी दिसतो.

नवीन टूल घ्यायला निघालेल्यांना एकच सांगेन: डेमोला विक्रेत्याचा नमुना बोर्ड चालवू देऊ नका. ज्याची मोजमापं तुमच्याकडे आहेत असा स्वतःचा जुना बोर्ड द्या, सोबत तुमच्याकडची मॉडेलंही जशी आहेत तशीच द्या. चुकीच्या पोर्टक्रमाची एखादी फाइलही मुद्दाम देऊन बघा. आमच्या टूलनं ती काही न बोलता घेतली, आणि पुढच्या लायसन्सच्या वेळी माझ्या तक्त्यातला पहिला रकाना 'चुकीचं मॉडेल टूल पकडतं का' हाच असेल.