ड्रॉपरचं रबर: अल्प्राझोलाम सहा महिने, विजया तेल सात महिने

गेल्या आठवड्यात कंपनीने माझी तक्रार तिसऱ्यांदा ‘निकाली’ काढून बंद केली, म्हणून आता इथे लिहायला बसलोय. तक्रार विजया तेलाच्या (म्हणजे गांजाच्याच झाडाच्या पानांपासून, भांगेपासून, केलेल्या आयुर्वेदिक तेलाच्या) ड्रॉपरची आहे. ३० मिलीची बाटली २,४०० रुपयांना, आणि तिच्यातला ड्रॉपर रंगपंचमीला पोरांना मिळणाऱ्या दहा रुपयांच्या पिचकारीपेक्षा भिकार.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. खंबाटकीच्या उतारावर मागून ट्रकने ठोकलं. गाडी भंगारात गेली, मला कपाळावर तीन टाके. सगळे म्हणाले, नशीब थोर. मलाही तसंच वाटत होतं, पण महिन्याभरात पहाटे तीनला जाग यायला लागली. नाकात ब्रेक लायनर जळाल्याचा वास, तोही पुण्यात चौथ्या मजल्यावरच्या बेडरूममध्ये. मागून एअर हॉर्न वाजला की तळहात बर्फासारखे. मानसोपचारतज्ज्ञांनी सर्ट्रालिन ही चिंता-नैराश्यावरची रोजची गोळी सुरू केली (ती अजून चालू आहे. ती मुकाट काम करते, त्यामुळे तिच्यावर लिहिण्यासारखं काही नाही) आणि रात्रीसाठी अल्प्राझोलाम, म्हणजे घबराट उतरवून झोप आणणारी, सवय लावणारी गोळी, पॉइंट टू फाइव्ह मिलिग्रॅम, पंधरा दिवस.

ते ‘पंधरा दिवस’ चिठ्ठीवर स्वच्छ अक्षरात होतं. मी ते सहा महिने वाचलं नाही.

गोळीबद्दल आधी चांगलं बोलतो, कारण पुढे बोलणार नाही. अर्ध्या-पाऊण तासात छातीवरचं पोतं उतरायचं. रोज तेवढंच, त्याच वेळात. माझ्या पट्टीतल्या गोळीला मधोमध रेघ होती, नखाने दाबली की दोन तुकडे. एक गोळी मला दोन-तीन रुपयांना पडायची. चिंगूस माणसाला याहून काय हवं?

कटकट फक्त केमिस्टची. अल्प्राझोलाम शेड्यूल एच-वनमध्ये येते. २०१४ पासून दुकानदाराला अशा औषधांसाठी वेगळी वही ठेवावी लागते, तीत डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, औषध किती दिलं ते सगळं, आणि ती नोंद तीन वर्षं जपायची. कोपऱ्यावरचा पोरगा जुनी चिठ्ठी उलटीपालटी करून म्हणायचा, “काका, ही वापरून झालीय. नवी आणा.” मी त्याच्यावर चिडायचो आणि दोन चौक पुढच्या दुकानात जायचो. आज वाटतं, त्या सहा महिन्यांत माझी खरी काळजी त्यानेच केली.

चौथ्या महिन्यात एकाच्या दोन झाल्या. मग कराडला मावसभावाच्या लग्नात पट्टी घरी विसरली. दुसऱ्या दिवशी दुपारी पंगतीत बसलो तर हात असा कापायला लागला की मठ्ठ्याची वाटी उचलवेना. दरदरून घाम, मांडवातले दिवे डोळ्यांत टोचत होते. मला वाटलं, अपघातच परत उसळी मारतोय. डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “अपघात नाही हो, गोळी मागतंय शरीर.” अल्प्राझोलाम अंगातून लवकर उतरते, साधारण अकरा तासांत निम्मी. म्हणून तिच्या जागी सावकाश उतरणारी क्लोनाझेपाम देऊन ती दहा आठवड्यांत पायरी-पायरीने कमी केली. एकदम बंद करू नका, झटके येऊ शकतात, हे त्यांनी तीनदा बजावलं. मीही तुम्हाला तेच बजावतो.

मग ‘आता नैसर्गिक काहीतरी’ या नादाने विजया. वैद्यांशी व्हिडिओवर बोलणं झालं, चार मिनिटं. भूक, झोप, शौचाला साफ होते का. अपघाताबद्दल एक प्रश्न आला तो असा: “डोक्याला मार लागला होता का?” चिठ्ठी लगेच आली, बाटली चौथ्या दिवशी.

कायद्याचं विचारणारे खूप भेटतात. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या, कायद्यात गांजा म्हणजे झाडाचा फुलोरा. फुलोरा सोबत नसलेली नुसती पानं आणि बिया त्या व्याख्येत येत नाहीत, आणि ही आयुर्वेदिक औषधं पानांपासून करतात ती याच फटीतून. पण भांगही आयुर्वेदाच्या विषारी द्रव्यांच्या यादीत, म्हणजे शेड्यूल ई-वनमध्ये आहे, आणि आपल्या राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा भांगेलाही लागतो. त्यामुळे वैद्याची चिठ्ठी मी बाटलीला रबरबँडने बांधूनच ठेवायचो. आईने बाटलीचा वास घेतला आणि म्हणाली, “आरं, हे तर जातीफलादी चूर्णावानी लागतंय.” तिला पोटासाठी ते चूर्ण वर्षानुवर्षं दिलं गेलंय. त्यात भांग असते हे तिला मी सांगितलं नाही.

पहिले तीन महिने मी सगळ्यांना सांगत सुटलो होतो की हेच खरं औषध. रात्री पाव मिली, झोप लागायची, आणि मुख्य म्हणजे स्वप्नं बंद. ट्रक नाही, वास नाही. हिशोबही केला होता: ३० मिलीत १२० रात्री, म्हणजे रात्रीला २० रुपये. गोळीच्या सात-आठ पट, पण केमिस्टसमोर मान खाली घालायला नको. एकदा सकाळी घेऊन पाहिलं. मीटिंगमध्ये ‘कोटेशन’ हा शब्द मला आठवेना. सकाळचा प्रयोग तिथेच संपला. घेतल्यानंतर गाडीची किल्ली बायकोकडे, हा नियम मात्र पहिल्या दिवसापासून होता.

आता ड्रॉपर. पाव मिली मोजायची कशी? काचेच्या नळीवर एकच रेघ, एक मिलीची. खालचं अंदाजपंचे. वैद्यांनी ‘आठ थेंब’ लिहिलं होतं, म्हणून एका रविवारी मी थेंब मोजले. नळी सरळ धरली तर मिलीत ३१, तिरकी धरली तर २४. म्हणजे हात कसा धरला यावर डोस ठरणार. शिवाय तेलाने रबर फुगतं. दुसऱ्या बाटलीचा फुगा दीड महिन्यात मऊ, चिकट झाला, काचेवरून घसरायला लागला. मी फोटो पाठवला. उत्तर आलं, “सर, ड्रॉपर ॲक्सेसरीमध्ये येतो. आम्ही तुम्हाला पुढच्या ऑर्डरवर दहा टक्के कूपन देतो.” मला कूपन नको होतं. मला रबर हवं होतं.

त्याच आठवड्यात ती रात्र आली. ड्रॉपर जिभेखाली धरला, दाबला, फुगा निसटला आणि नळीतलं सगळं तोंडात. सुमारे एक मिली. काही वेळ काहीच नाही, म्हणून बिनधास्त आडवा झालो. पावणेबाराला भिंत श्वास घेतेय असं वाटायला लागलं. करोनातलं ऑक्सिमीटर बोटाला लावलं, नाडी १३८. मग तेच सुरू झालं, हॉर्न, वास, सगळं, आणि या वेळी मी जागा होतो. बायकोने माहेरच्या होळीच्या अनुभवावर लिंबाचं लोणचं चाटवलं. मी म्हटलं, जुनी अल्प्राझोलामची अर्धी पट्टी कपाटात आहे, एक घेतो. तिने ती पट्टी संडासात रिकामी केली, मग डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, एकावर दुसरं काही देऊ नका, एकटं सोडू नका, छातीत दुखलं किंवा शुद्ध हरपतेय असं वाटलं तर तडक कॅज्युअल्टीत या. पहाटे चारपर्यंत ती माझा हात धरून बसली होती आणि मधूनमधून कंपनीला शिव्या घालत होती.

दुसऱ्या दिवशी दोन्ही बाटल्यांसोबतचे तपासणीचे कागद शेजारी ठेवले. नाव तेच, लेबल तेच. पहिलीत मिलीमागे टीएचसी (भांगेतला नशा आणणारा घटक) १२ मिलिग्रॅम, दुसरीत १९. आणि टीएचसीचा उलटा स्वभाव तर नोंदलेला आहे. २०१७ च्या शिकागोतल्या एका प्रयोगात साडेसात मिलिग्रॅमने लोकांचा ताण कमी झाला आणि साडेबाराने मूड उलट बिघडला. मी १९ घेतलं होतं. गोळीने मला फसवलं ते महिन्यांच्या हिशोबात, पण रात्रीच्या मापात कधीच नाही.

यावर उपाय पाच रुपयांचा निघाला, केमिस्टकडची एक मिलीची सिरिंज, सुई काढून. कोपऱ्यावरच्या त्याच पोराने दिली. पाव मिली म्हणजे पाव मिली. २,४०० च्या बाटलीत ही का घालत नाहीत, हा प्रश्न मी कंपनीला चार वेळा विचारला आहे.

मग माझ्या डॉक्टरांना सगळं सांगितलं. आधी लपवलं होतं, ती चूकच. त्यांनी फाइलवर लाल पेनाने ‘विजया’ लिहिलं आणि मला दोन गोष्टी दाखवल्या. २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलंय की आघातानंतरच्या पहिल्या महिन्यात त्या लक्षणांसाठी अल्प्राझोलामसारख्या गोळ्या देऊ नयेत. आणि अमेरिकेच्या माजी सैनिक व संरक्षण खात्यांची २०२३ ची पीटीएसडीची (आघातानंतर मागे राहणाऱ्या, माझ्यासारख्या त्रासाची) मार्गदर्शिका या गोळ्यांना तर नको म्हणतेच, गांजालाही नकोच म्हणते. मी उसळून म्हटलं, मग मला गोळी का दिलीत? “दोन आठवडे दिली होती,” ते म्हणाले. यावर मला बोलायला जागा नव्हती.

तोवर पाव मिलीचं पाऊण मिलीच्या दिशेने चाललंच होतं. दुसरी बाटली तीन महिनेही पुरली नाही. तिसरी मागवली नाही, हे कबूल करतो, ते निम्मं पैशांसाठी. बंद केल्यावर दहा रात्री स्वप्नांनी व्याजासकट वसुली केली. ट्रकच्या मागचं ‘हॉर्न ओके प्लीज’सुद्धा वाचता येत होतं. ट्रक मागून आला होता, ते मला दिसणं शक्यच नव्हतं.

सध्या सर्ट्रालिन आणि दर गुरुवारी मानसशास्त्रज्ञ. सत्राचे १,२०० रुपये, आणि आदल्या रात्री ना गोळी ना तेल, अशी त्यांची अट. मोबाइलवर एअर हॉर्न ऐकवतात, आधी बारीक आवाजात. गेल्या महिन्यात बायको गाडी चालवत होती आणि मी शेजारी, खंबाटकी उतरलो. घाम आला. खाली आल्यावर चहा प्यायला.

तेलाला दोन तारे, गोळीला दोन. सिरिंजला पाच.

हे लिहीत असतानाच कुरिअर आलं. तक्रार बंद करून झाल्यावर कंपनीने दोन नवे ड्रॉपर पाठवलेत, फुकट. एकाचं रबर पिशवीतच चिकटलं होतं. दुसरा बायकोने शिलाई मशीनला तेल घालायला घेतलाय. पंधरा दिवस जाऊ देत, त्याचंही फुगेल.