टेनिस एल्बो: स्टेरॉइड घ्यावे की पीआरपी?

कोपराच्या बाहेरच्या बाजूचे दुखणे विश्रांतीने आणि व्यायामाने हटले नाही, की डॉक्टर सहसा दोन इंजेक्शनांची नावे घेतात: स्टेरॉइड आणि पीआरपी, म्हणजे प्लेटलेट-रिच प्लाझ्मा. मी टेनिस कधीच खेळलो नाही, तीस वर्षे फळ्यावर लिहिले एवढेच; उजव्या कोपरात मात्र दोन्ही इंजेक्शने वर्षभराच्या अंतराने घेतली आहेत.

आराम लवकर हवा असेल तर स्टेरॉइडला तोड नाही. तिसऱ्या दिवशी दुधाची पिशवी उचलताना कळ आली नाही आणि आठवड्याभरात कोपर दुखत होते हेच मी विसरलो. माझी तक्रार नेमकी या विसरण्याबद्दल आहे. किती काम करावे हे सांगणारी वेदना ही एकच खूण माझ्याजवळ होती. तीच पुसली गेल्यावर कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, बरी झाली आहे की नुसती गप्प बसली आहे, हे कळायला मार्ग उरला नाही. मी फळा भरभरून लिहू लागलो, दिवाळीच्या साफसफाईत पंखेही पुसले, आणि तिसऱ्या महिन्यात दुखणे पूर्वीपेक्षा जोरात परतले. हा केवळ माझा आगाऊपणा नसावा. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१० साली प्रसिद्ध झालेल्या आढाव्यातही टेनिस एल्बोसाठी स्टेरॉइडचा लाभ सुरुवातीच्या आठवड्यांपुरता, आणि पुढची स्थिती इतर उपचारांपेक्षा वाईट, असेच आढळले होते. दुखणे जुने झाले की त्यात सुजेपेक्षा कंडरेच्या तंतूंची झीज अधिक असते, आणि स्टेरॉइड दाबते ती सूज.

पीआरपीमध्ये आपलेच रक्त सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून त्यातला प्लेटलेटने भरलेला भाग दुखऱ्या जागी सोडतात. पहिले चार दिवस हात असा ठणकला की झोप उडाली, आणि आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या प्लेटलेटच्या कामात अडथळा आणतात म्हणून त्या वर्ज्य. पॅरासिटामॉलवर भागवावे लागले. खर्च कितीतरी पट, आणि माझ्या विमा कंपनीने दावा सरळ नाकारला. फरक दुसऱ्या महिन्यानंतर जाणवू लागला: आधी किल्ली फिरवता आली, मग डब्याचे झाकण उघडता आले, शेवटी फळा. वेदना पायरीपायरीने उतरत गेल्यामुळे व्यायामाचे वजन कधी वाढवायचे हे मला तिच्याकडूनच कळत गेले.

नेदरलँड्समधील शंभर रुग्णांच्या चाचणीत दोन वर्षांनंतरही पीआरपी स्टेरॉइडच्या पुढे होते. मात्र स्टेरॉइडनंतर दुखणे उलटत असेल, तर त्याच्या शेजारी काहीही उजळ दिसणार, ही शंका रास्त आहे. अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२१ च्या आढाव्यात तर प्लासिबोच्या, म्हणजे औषध नसलेल्या खोट्या इंजेक्शनच्या, तुलनेत पीआरपीचा जाणवण्याजोगा फायदा दिसला नाही. मला आलेला गुण काळाचा आणि व्यायामाचाही असू शकेल. शिवाय प्लेटलेटचे प्रमाण दवाखान्यागणिक बदलते, तेव्हा ते आधी विचारून घेतलेले बरे. गुडघ्याचा हिशेब वेगळा आहे. तिथे माझा अनुभव लावू नये.

घरचे लग्न पंधरा दिवसांवर असेल, तर स्टेरॉइड घेणाऱ्याला मी अडवणार नाही. मधुमेह असल्यास काही दिवस साखर वाढते, एवढे मात्र सांगेन. अलीकडे माझे डावे कोपर कुरकुरू लागले आहे. व्यायाम सुरू केले आहेत, आणि ते पुरले नाहीत तर पीआरपीचे पैसे या वेळी विम्याच्या भरवशावर न राहता बाजूला काढून ठेवले आहेत.