अर्ध्यावर सोडलेल्या वाटेची खूण: ओपनस्ट्रीटमॅपवरचा आठ महिन्यांचा अनुभव

ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे कुणीही भर घालू शकेल अशा जगाच्या मोफत नकाशावर, मी पायवाटा बऱ्याच वर्षांपासून टाकतोय, पण अर्धवट राहिलेल्या वाटेच्या टोकाला नीट खूण करायची सवय गेल्या आठ महिन्यांतली. त्याआधी जेवढं चाललो तेवढी रेघ ओढायची आणि सोडून द्यायचं. कधी अंधार पडायचा, कधी मोबाइलची बॅटरी संपत यायची. पुढच्या खेपेला नकाशा उघडला की कितीतरी टोकं मोकळी दिसायची. त्यातली वाट खरोखर संपलेली टोकं कुठली आणि मीच मागे फिरलो होतो ती कुठली, हे रेघेकडे बघून सांगताच यायचं नाही. मलाच नाही, तर दुसऱ्या मॅपरला (नकाशात भर घालणाऱ्याला) काय कळणार?

उपाय अगदी साधा आहे. रेघेच्या शेवटच्या बिंदूवर 'फिक्समी' टॅग (माहितीची छोटी चिठ्ठी) लावायचा आणि त्याची किंमत, म्हणजे त्यात भरायचा शब्द, 'कंटिन्यू' ठेवायची. (भरताना दोन्ही शब्द अर्थातच रोमन लिपीत.) म्हणजे: वाट इथून पुढे जाते, मी गेलेलो नाही. याच्या उलट 'नोएक्झिट' हा टॅग. वाट इथे खरंच संपते, मी बघितलंय, हे तो सांगतो. पहिले दोन महिने मी फक्त फिक्समी वापरलं. तेव्हा लक्षात आलं की एकच खूण करून निम्मंच काम होतं, कारण बिनखुणेचं टोक मग संपलेलं की विसरलेलं, हा प्रश्न तसाच राहतो. नोएक्झिट लावायला लागल्यापासून तो सुटला. शिवाय दुसऱ्या वाटेच्या अगदी जवळ येऊन थांबणाऱ्या टोकाबद्दल जोसम हे नकाशा संपादनाचं सॉफ्टवेअर जो इशारा देतं, तोही नोएक्झिट असेल तर येत नाही.

सगळ्यात मोठा धडा मजकुराबद्दलचा. सुरुवातीच्या खुणांवर मी 'कंटिन्यू'पलीकडे काहीच लिहिलं नव्हतं. चार महिन्यांनी त्यातल्या एका टोकापाशी परत उभा राहिलो, तर समोर गवतात दोन अंधूक फाटे. मागच्या वेळी मला कुठला दिसला होता? मी का थांबलो होतो? पाणी होतं म्हणून, की वाटच दिसेना म्हणून? काहीच नोंद नाही. ती चाल जवळजवळ नव्याने करावी लागली. आता त्याच बिंदूवर 'नोट' टॅगमध्ये तीन गोष्टी लिहितो: वाट कुठल्या दिशेला जाताना दिसली, मी का थांबलो आणि कुठल्या महिन्यात. महिना फार महत्त्वाचा, कारण पावसाळ्यात गडप झालेली वाट उन्हाळ्यात लख्ख दिसते. फिक्समीची किंमत मात्र मुद्दाम 'कंटिन्यू' एवढीच ठेवतो, म्हणजे नेमक्या त्या शब्दाने शोधता येतं. टॅगमध्ये 255 अक्षरचिन्हंच मावतात आणि देवनागरीत काना, मात्रा, अनुस्वार वेगवेगळे मोजले जातात, त्यामुळे मराठीतली वाक्यं आटोपशीरच लिहावी लागतात.

खूण पूर्ण रेघेवर नको, बिंदूवरच हवी. रेघेवर लावली तर दोनपैकी कुठलं टोक अपुरं, हे कळत नाही.

आता एक खरी अडचण. पुढच्या वेळी त्याच टोकापासून रेघ वाढवली की जुना शेवटचा बिंदू रेघेच्या मध्ये जातो आणि फिक्समी त्याच्यावर तसंच राहतं. आपोआप ते निघत नाही. मी वाढवलेल्या वाटांवर अशा शिळ्या खुणा बऱ्याच दिवसांनी सापडल्या. तेव्हापासून रेघ वाढवण्याआधी खूण काढायची, मग पुढचा बिंदू, हाच क्रम मी ठेवलाय.

टॅग लावायचा की नकाशावर नोट टाकायची, हा प्रश्न नवीन मॅपर हमखास विचारतात. (ही नोट म्हणजे नकाशावर कुठेही शेरा टाकायची 2013 साली आलेली सोय. वर सांगितलेल्या 'नोट' टॅगशी तिचा संबंध नाही. नावं सारखी असल्याने गोंधळ होतो.) माझं मत स्पष्ट आहे: वाटेच्या टोकासाठी टॅग, शंकेसाठी नोट. टॅग बिंदूला चिकटलेला असतो, बिंदू सरकला की तोही सरकतो. नोट नुसती एका जागेवर असते, पण तिच्याखाली लोक उत्तर देऊ शकतात. 'हे फाटक पादचाऱ्यांना कायम बंद असतं का?' असं काही असेल तर नोटच बरी. आणि ती प्रश्नार्थक लिहा. स्ट्रीटकम्प्लीट हे जागेवर जाऊन प्रश्नांची उत्तरं देत नकाशात भर घालायचं ॲप मूळ सेटिंगमध्ये प्रश्नाच्या रूपात लिहिलेल्याच नोटा दाखवतं. मी सुरुवातीला सगळी विधानं लिहिली होती आणि उत्तरं का येत नाहीत म्हणून वाट बघत बसलो होतो.

एक प्रसंग मनाला लागला. मी खूण करून सोडलेली एक वाट कुणीतरी हवाई छायाचित्र बघून पलीकडच्या वाटेला जोडली आणि फिक्समी काढून टाकलं. मधला भाग दाट झाडीखालचा, छायाचित्रात काही दिसतच नाही. नंतर मी स्वतः तिथे चालत गेलो, तर मध्ये उतरता न येणारा कडा. दोन रेघा जोडलेल्या आहेत का, हे मार्ग शोधणारी ॲप्स सामाईक बिंदूवरूनच ठरवतात. तो बिंदू अंदाजाने टाकला की ॲप माणसाला थेट कड्याकडे पाठवतं. म्हणून अपुरी वाट अपुरी दिसू देण्यात कमीपणा नाही, असं मी कळकळीने सांगतो. छायाचित्रात दिसत नसेल तर खूण राहू द्या.

खुणा गोळा करण्यासाठी ओव्हरपास टर्बो हे नकाशातली माहिती शोधायचं संकेतस्थळ वापरतो. त्याच्या विझार्डमध्ये (सोप्या शोधाच्या चौकटीत) टॅग लिहिला की त्या भागातले सगळे बिंदू येतात, ते जीपीएक्स फाइलमध्ये (जीपीएसच्या जागा साठवणाऱ्या फाइलमध्ये) घेऊन मोबाइलवरच्या नकाशात टाकतो आणि चालायला निघतो. नकाशातल्या चुका दाखवणाऱ्या ऑस्मोज संकेतस्थळावरही फिक्समी दिसतात, मोबाइलवरचं संपादनाचं ॲप व्हेस्पुची ते उठून दाखवतं. मोकळ्या आकाशाखाली मोबाइलचा जीपीएस साधारण 5 मीटरपर्यंत बरोबर असतो, झाडीत आणि घळीत बराच भरकटतो. त्यामुळे टोकाजवळचा एखादा मोठा दगड, ओढा किंवा कुंपण मजकुरात लिहून ठेवलं तर जागा सापडते.

गेल्या महिन्यात माझ्या एका खुणेवरून अनोळखी मॅपर पुढे चालत गेला आणि त्याने वाट पूर्ण केली. त्याच्या बदलाच्या शेऱ्यात लिहिलं होतं की नोंदीतल्या ओढ्यामुळे फाटा लगेच ओळखता आला. खूणही त्याने आठवणीने काढली होती.